मिरगातले डोके, फाल्गुनातले डोके
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर इथे बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बोलतीलच. आम्ही आज डोक्याबद्दल बोलणार आहोत. तुमच्या आणि आमच्याही.

शेतीची पदवी घेऊन आम्ही विस्ताराच्या कामाला लागलो तेव्हा एक छापील तक्ता भरावा लागे. शेवटचा रकाना होता, 'शिफारस न स्वीकारण्याची कारणे'. त्यात आम्ही एकच शब्द लिहीत आलो: अज्ञान. फारच दया आली तर 'उदासीनता'. दोन-तीन हंगाम असे गेले. मग लक्षात आले की ज्याच्या नावापुढे जूनमध्ये अज्ञान लिहिले, तोच माणूस कापूस विकल्यावर बैलबाजारात भेटला की असा हिशेब मांडतो की आमची पदवी गप्प बसते. माणूस तोच, डोके तेच. मग मिरगात ते डोके कुठे जाते?

आधी शरीराचे बोलू. कॉलेजात आम्हाला मातीतली ओल मोजायला शिकवले. नमुना डबीत घ्यायचा, वजन करायचे, भट्टीत १०५ अंशांवर चोवीस तास वाळवायचा, पुन्हा वजन करायचे. उत्तर दुसऱ्या दिवशी. आपला म्हातारा धुऱ्यावरून खाली उतरतो, वीतभर खालची माती मुठीत दाबतो, गोळा अंगठ्याने फोडतो आणि म्हणतो, "वाफसा आज नाही, परवा." हा विचार कुठे झाला? मुठीत झाला, तळपायात झाला. तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे मोजत नाही, तिची बोटे मोजतात. तिला सतरंजीवर बसवून विचारा, एकरी बियाणे किती? ती अडखळते, आणि आम्ही लिहितो, अज्ञान. हाताला येत होते ते आम्ही तोंडाला विचारत होतो.

आता जोखमीचे. साहेब लोक म्हणतात, कोरडवाहू शेतकरी भित्रा आहे, म्हणून पैसा घालत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून महबूबनगर, सोलापूर आणि अकोला या जिल्ह्यांतल्या काही गावांचा अभ्यास सुरू केला. आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातले कानझरा त्यात आहे. हान्स बिन्सवांगर नावाच्या अभ्यासकाने तिकडच्या शेतकऱ्यांशी खऱ्या पैशाचा खेळ मांडला. एकीकडे हमखास ५० रुपये. दुसरीकडे नाणे उडवायचे, आले तर २००, नाही तर काहीच नाही. मध्ये कमीजास्त जोखमीचे आणखी पर्याय. तेव्हा मजुराला ५० रुपये ही मोठी रक्कम होती. १९८० साली निष्कर्ष छापून आला: रक्कम मोठी झाली की गरीब आणि श्रीमंत शेतकरी जवळपास सारखीच सावध निवड करतात. बागायतदाराची छाती मोठी आणि कोरडवाहूची लहान, असे काही निघाले नाही. फरक पडतो तो कर्ज मिळते की नाही, माल वेळेवर मिळतो की नाही, यात. पण आमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

आणि मिरगातल्या डोक्याचे काय? त्यासाठी थोडे उसाच्या मुलखात जावे लागेल, राग मानू नका. तामिळनाडूतल्या विळुप्पुरम आणि तिरुवन्नामलै जिल्ह्यांतल्या ५४ गावांतले ४६४ लहान ऊस उत्पादक. त्यांना काही कोडी घातली, तोडणीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कारखाना सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी तोडत नाही, तोडणी काही महिने चालते. त्यामुळे त्याच हवेत, त्याच महिन्यात एकाच्या हाती पैसा आलेला असतो आणि शेजाऱ्याच्या हाती नसतो. म्हणजे ऋतूचा दोष काढता येत नाही. तोडणीआधी शंभरातल्या ७८ घरांनी काहीतरी गहाण टाकलेले होते, नंतर फक्त चार. कोड्यांचे काय झाले? तोच माणूस पैसा हाती आल्यावर सरासरी एक उत्तर जास्त बरोबर देऊ लागला. नजरेला फसवणाऱ्या आकड्यांची दुसरी परीक्षा होती, म्हणजे '५ ५ ५' लिहिलेले दिसले तर 'पाच' न म्हणता 'तीन' म्हणायचे. तिला आधी १४६ सेकंद लागत होते, नंतर १३१ लागले. पोटाला कमी मिळाले म्हणून असे झाले का, हेही त्यांनी तपासले, आणि तेवढ्याने उत्तर मिळाले नाही. माणूस अडाणी झालेला नसतो. डोक्यातली जागा व्याजाने, गहाणाने, पोरीच्या फीने अडवलेली असते.

यावर वादही आहे, तोही सांगितला पाहिजे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच परीक्षा घेतली, तर २०१६ च्या त्या अभ्यासात फरक आढळला नाही. आम्हाला वाटते, पंधरवड्याने येणारा पगार आणि वर्षातून एकदा येणारे पीक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हे आमचे मत, पुरावा नव्हे.

पैशाच्या विवंचनेत डोक्याचे जे होते, त्याची तुलना त्या अभ्यासकांनी रात्रभर न झोपलेल्या माणसाशी केली आहे. आपल्याकडे विवंचना तर आहेच, आणि रानडुकरांपायी जागलही खरीच आहे. वर फवारणी. काही कीटकनाशके किडीच्या नसा ज्या मार्गाने बिघडवतात, त्याच मार्गाने माणसाच्याही बिघडवतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. जे वाचले त्यांतले किती तरी 'डोकं जड वाटते' म्हणत होते, आणि घरचे म्हणत होते, आळस आला. तीन दिवस पंप पाठीवर घेतलेल्या माणसाकडून त्याच संध्याकाळी कर्जाच्या कागदावर सही घेऊ नये, एवढे तरी घरच्यांनी पाहावे.

आता ती जूनची सकाळ डोळ्यांपुढे आणा. कृषी केंद्राचा काउंटर. ऊन, रेटारेटी, रात्री झोप नाही, खिशात उसने पैसे किंवा तेही नाहीत. दुकानदार ज्याची उधारी मोठी त्याला आधी घेत नाही. पुढचा माणूस एक पाकीट मागतो. मागचा विचारतो, "हे चालते का?" तो म्हणतो, "सगळे हेच नेताहेत." संपला विचार. वरंगळ जिल्ह्यात ग्लेन स्टोन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने कापसाच्या बियाण्याची निवड बरीच वर्षे पाहिली, २००७ साली लिहिली. एका गावात एक वाण डोक्यावर घेतलेला, शेजारच्या गावात दुसराच, पुढल्या वर्षी दोन्ही गायब. दुकानात नावे इतकी आणि इतक्या लवकर बदलणारी, की शेतात पाहून शिकायला वेळच उरत नाही. मग शेजारी पाहायचा, आणि शेजाऱ्याने त्याचा शेजारी पाहिलेला असतो. शेजाऱ्याकडून शिकणे वाईट नाही. ज्वारीचे बियाणे आपण पिढ्यान्‌पिढ्या असेच निवडले, पण तेव्हा कणीस खळ्यावर हातात धरलेले असे. पाकीट हातात धरून काय कळते?

पश्चिम केनियात तीन अर्थशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. मका विकून पैसा हाती होता तेव्हाच शेतकऱ्याकडे जाऊन पुढच्या हंगामाच्या खताचे पैसे घेतले. खत घरपोच, किंमत नेहमीचीच. तेवढ्याने खत वापरणारे वाढले. पुढे ऐन हंगामात निम्म्या किमतीची सवलत देऊन जे साधते, ते एवढ्यावर साधले. हा निष्कर्ष २०११ साली छापून आला. शेतकरी बदलला नव्हता, फक्त विचारायची वेळ बदलली.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही एका गावात होळीनंतर बैठक घेतली. अकरा घरे. प्रत्येकाने मागल्या खरिपाची रिकामी पाकिटे आणली, कोणत्या जमिनीत किती बोंडे लागली ते सांगितले. हलकी जमीन आणि भारी जमीन यांची यादी वेगळी केली. आम्ही फक्त लिहून घेतले. एका घरच्या माउलीने सांगितले की नवरा ज्याला चांगले वाण म्हणतो त्याची वेचणी निम्मीच होते, बोंड उमलत नाही. हे त्या घरात आधी कुणी विचारले नव्हते. सात घरांनी त्याच बैठकीत पैसे बाजूला काढले, वाण वहीत लिहिले. जूनमध्ये त्यातले पाच लिहिलेल्यावर टिकले. दोघांनी काउंटरवर बेत बदलला. त्यांना आम्ही दोष दिला नाही, आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो आहोत.

यंदा होळीनंतर तालुक्यातल्या ज्या गावांना अशी बैठक घ्यायची असेल त्यांनी चहाच्या सुट्टीत नावे द्यावीत. वेळ अशी ठेवा की बायांना भाकरी टाकून येता येईल. पाकिटे फेकली असतील तर आतापासून जमवा.