पूरसूचनेचे यंत्र आणि त्यातील गणिताची निवड



चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या नद्यांनी हे दोन्ही वनजिल्हे एकमेकांशी बांधले गेले आहेत. दक्षिणेस भामरागड येथे इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा यांचा संगम होतो. पर्लकोटेच्या पुराने अनेक पावसाळ्यांत भामरागडचा संपर्क तोडला आहे. अशा वेळी रुग्ण व गर्भवती स्त्रियांना हलविण्यासाठी आधी मिळालेला एक तासही मोलाचा ठरतो.

पाण्याची पातळी मोजणारे छोटे स्वयंचलित यंत्र येथे उपयोगी पडू शकते. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवर सामावलेला लहानसा संगणक, हे त्याचे हृदय होय. लाटांमुळे मोजमाप सतत हलते. त्यातून खरी पातळी व चढण्याचा वेग अजमावण्यासाठी रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेली पद्धत वापरता येते. ती मॅट्रिक्सच्या, म्हणजे ओळी व स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या, गणितावर आधारलेली आहे. हे गणित करणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. तिची निवड कशी करावी, हा आजचा विषय आहे.

पहिला विचार स्मृतीचा. आर्डुइनो उनो या परिचित फलकाच्या जुन्या आवृत्त्यांवरील चिपमध्ये कामचलाऊ स्मृती अवघी २,०४८ बाइट असते. २० ओळी व २० स्तंभांच्या एका मॅट्रिक्सला, प्रत्येक संख्येस ४ बाइट धरून, १,६०० बाइट लागतात; दोहोंचा गुणाकार तेथे मावणारच नाही. मात्र पातळी व वेग या दोनच राशी असतील, तर २ × २ च्या मॅट्रिक्सला १६ बाइट पुरतात. पातळीचे मोजमाप एकच असल्याने व्यस्त मॅट्रिक्सऐवजी साधा भागाकार पुरतो. अशा कामास मोठ्या लायब्ररीची गरजच नाही.

राशी वाढल्यास आर्म कंपनीची सीएमसिस-डीएसपी किंवा सी++ भाषेतील आयगेन यांचा विचार करावा. आयगेन वापरताना मॅट्रिक्सचा आकार आधीच ठरवून द्यावा. चालू असताना स्मृती मागणारे यंत्र काही आठवड्यांनी अडखळण्याचा धोका असतो, आणि पुरात ते पुन्हा सुरू करण्यास कोणी जाऊ शकत नाही.

दुसरा विचार अंकांचा. कॉर्टेक्स-एम०सारख्या चिपमध्ये दशांश गणिताचा स्वतंत्र विभाग नसतो. तेथे पूर्णांकांवर चालणारे गणित जलद होते. परंतु मर्यादा ओलांडताच आकडा कमाल किमतीवर अडकू शकतो. प्रमाण चुकीचे ठरविल्यास नेमका महापुरातच यंत्राचा आकडा वाढेनासा होईल. तसेच व्यस्त मॅट्रिक्स काढता आली नाही, तर सीएमसिस-डीएसपी तसा इशारा देते. तो न तपासता पुढे गेल्यास चुकीचे उत्तर खरे मानले जाते.

म्हणून लायब्ररीची निवड तिच्या कीर्तीवरून न करता प्रत्यक्ष चिपवर, मागील मोठ्या पुराच्या नोंदी घालून करावी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रातील शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग सहज करवून घेता येईल. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी यंत्र स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: स्मृती किती उरते? सर्वाधिक पातळीला आकडा बरोबर येतो काय? गणित फसल्यास यंत्र तसे कळविते काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय गावाने त्या यंत्रावर विसंबू नये.