आधी थांबली पाहिजे: आबांच्या जीपचा पाच वर्षांचा आराखडा

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

एरवी मी इथे कोड, नोकरी आणि पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल बोलतो. आज एका जीपबद्दल बोलणार आहे. तिचं काम पूर्ण झालेलं नाही, पाच वर्षांतलं पहिलंच संपलंय. पण तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं की घरात जुनी फोर बाय फोर उभी आहे, ती नव्याने उभी करायची तर सुरुवात कुठून करायची? माझ्याकडे आता याचं उत्तर आहे, आणि ते मला जरा महागात मिळालंय.

जीप आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची. गाव पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे. गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९९१ ची. आबांनी ती २००१ मध्ये जुनी घेतली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. कांद्याचं रोप, खताच्या गोण्या, लग्नाचं वऱ्हाड, पावसाळ्यात चिखलात रुतलेला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर, सगळं तिने ओढलंय. थंडीत सकाळी आबा हीटरची चावी धरून वीसपर्यंत मोजायचे आणि मगच स्टार्टर मारायचे. मी आकडे शाळेत नाही, त्या सीटवर शिकलो.

गाडीची थोडी माहिती देतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. आमची गाडी त्याच घराण्यातली. एमएम ५४० आली १९८५ मध्ये. इंजिन प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचं, परवान्यावर इथे बनवलेलं, नाव एक्सडीपी ४.९०. त्या नावातच हिशोब आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी, डिझेल. खाली सरळ शिडीसारखी चेसिस, चारही चाकांना पाटे, आणि गिअरच्या शेजारी फोर बाय फोरचा दांडा. टू-हाय, फोर-हाय, फोर-लो. लोमध्ये टाकली की चाकं हळू फिरतात, पण ताकद कितीतरी वाढते.

आता माझा मूर्खपणा. मी बीटेक, सॉफ्टवेअरमध्ये, हिंजवडीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की आबांची जीप नवी करायची. एक्सेल शीट काढली, १४० ओळी. नवं कॉमनरेल इंजिन, पॉवर स्टेअरिंग, एसी, मोठे टायर, मॅट ऑलिव्ह रंग. आणि सगळ्यात आधी काय विकत घेतलं? टायर आणि एलईडी लाइटबार. ३८,००० रुपये. घरी पार्सल पाठवलं आणि आबांना फोनवर सांगितलं, "बघा, आता गाडी कशी दिसते ते."

दिवाळीत घरी गेलो. गाडी नाना मिस्तरींकडे नेली. नाना म्हणजे आमच्याकडचे जुने मेकॅनिक. ही जीप त्यांच्या हातून किती वेळा गेली असेल, मोजदाद नाही. त्यांनी लाइटबारकडे पाहिलंसुद्धा नाही. आत बसले, ब्रेकचं पेडल दाबलं. पेडल थेट फ्लोअरला टेकलं. दुसऱ्यांदा दाबलं, अर्ध्यावर. तिसऱ्यांदा, तेव्हा कुठे कडक झालं. मास्टर सिलिंडरची रबरं गेलेली होती. आबांना विचारलं, हे कधीपासून? तेव्हा कळलं की आबा सहा महिने असंच चालवत होते. एकदा नवापूरहून येताना चरणमाळ घाटात तीनदा पेडल मारून, गिअर खाली टाकून त्यांनी गाडी आवरली होती. मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू तठे तुना काममा. तुले काय सांगानं?"

मंडळी, मी पुण्यातून दिवे पाठवत होतो आणि माझे वडील तीन पेडलांवर घाट उतरत होते. या भागात दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

नाना मला तेवढंच म्हणाले, "भो, गाडी पहिले थांबाले पाह्यजे, मंग पळाले." त्या रात्री १४० ओळींची शीट बंद केली आणि नवीन कागद घेतला. त्यावर पाच शब्द आहेत: थांबेल, टिकेल, पळेल, चढेल, शोभेल. पाच वर्षं, पाच टप्पे, याच क्रमाने.

पहिलं वर्ष, थांबेल. ब्रेकचे सिलिंडर, पाइप, लायनर, स्टेअरिंगचा प्ले, पुढच्या चाकांचे किंगपिन, आणि वायरिंग, कारण जुन्या वायरीने आगही लागते. दुसरं, टिकेल. बॉडी उतरवायची, चेसिस साफ करायची, सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा. तिसरं, पळेल. इंजिन, नोझल-पंप, क्लच. चौथं, चढेल. ट्रान्सफर केस, दोन्ही अ‍ॅक्सल, पाटे. पाचवं, शोभेल. रंग, सीट, ताडपत्रीचा हूड. लाइटबार तोपर्यंत माळ्यावर.

या क्रमाच्या आधी एक शून्य टप्पा आहे आणि तो लोक विसरतात. कागद आणि चेसिस. इंजिन, पत्रा, चाकं काहीही बदलता येईल, पण कायद्याच्या दृष्टीने गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर. तीच कुजली असेल तर बाकीचा खर्च पाण्यात. म्हणून आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं: लांबीचे दोन मुख्य बीम आरपार सडलेले निघाले तर काम तिथेच थांबवायचं. हे आधी लिहायचं, कारण पैसे घातल्यावर माणूस स्वतःशी खोटं बोलतो. नानांनी हातोडीने चेसिस इंच इंच ठोकली. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा भद्द. मागचा आडवा बीम सडलेला निघाला. मुख्य दोन्ही बीम शाबूत. त्या दिवशी आबा चहा सोडून तिथेच उभे होते, हे मी नंतर फोटोत पाहिलं.

कागदांचं सांगतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९१ ची गाडी म्हणजे २००६, २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या चारचाकीसाठी नूतनीकरणाची फी १०,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. हे बजेटमध्ये धराच.

आणि ते कॉमनरेल इंजिन? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या चकाचक जीप इंटरनेटवर बघून माझाही जीव गेला होता. पण रस्त्यावर अपघात झाला आणि विमा कंपनीने तपशील तपासले, तर उत्तर आबांना द्यावं लागेल. म्हणून मूळचंच इंजिन दुरुस्त करायचं. त्यात एक सोय आहे. एक्सडीपीला वेट लायनर आहेत, म्हणजे पिस्टन ज्या नळीत फिरतो ती नळी बाहेरून थेट कूलंटमध्ये असते आणि काढून नवी बसवता येते. ब्लॉक बोअर करावा लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. गाडी उघडायची दिवाळीनंतर, आणि होळीला ती चारही चाकांवर, चालू स्थितीत पाहिजे. दरवर्षी. त्या वर्षाचं काम तेवढ्या अवधीत मावत नसेल तर काम कापायचं, तारीख नाही. का? तुमच्या गावातही असेल असं एक शेड, जिथे कुणाची तरी हौसेने उघडलेली गाडी आठ वर्षं तशीच पडलीय. इंजिन एका कोपऱ्यात, बॉनेटवर कोंबड्या. ती गाडी गंजाने नाही मेली. सगळं एकदम उघडल्यामुळे मेली.

आमच्या धंद्यात याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. नेटस्केपची ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ मध्ये आली. मग त्यांनी जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायला घेतलं. पाचवी आवृत्ती आलीच नाही. सहावी आली थेट २००० च्या नोव्हेंबरमध्ये, आणि तोवर मायक्रोसॉफ्ट पुढे निघून गेलं होतं. मी हे ऑफिसात दहा वेळा सांगितलंय. घरच्या जीपच्या वेळी मात्र मला ते नानांनी शिकवलं, ज्यांनी नेटस्केपचं नावही ऐकलेलं नाही.

आणखी दोन कामाच्या गोष्टी. एक, कामाचा क्रम आणि खरेदीचा क्रम वेगळा असतो. इंजिन तिसऱ्या वर्षी उघडायचंय, पण एक्सडीपीचं सामान सहज मिळत नाही, म्हणून लायनर-पिस्टनचा सेट मी पहिल्याच वर्षी कुर्ल्याहून शोधून आणला. ब्रेकचं सामान लागेल तेव्हा मिळतं. जे दुर्मीळ ते आधी. दोन, प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि काढण्याआधी फोटो. माझे फोटो नीट होते, पण पिशव्यांवरची नावं नानांच्या भाषेत लिहिल्यावरच कामाला आली. मी लिहिलं होतं "स्टेअरिंग लिंकेज, डावी बाजू". ते म्हणाले, इथे काम मी करणार की तुझा कॉम्प्युटर?

या होळीला जीप बाहेर आली. दिसायला होती तशीच, रंग उडालेला, सीट फाटलेली. शेजारचे म्हणाले, एवढे पैसे घालून काय केलं? आबांनी काही उत्तर दिलं नाही. मला शेजारी बसवलं आणि चरणमाळ घाटात घेऊन गेले. उतारावर एकदाच पेडल दाबलं. गाडी थांबली. त्यांनी पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. असं तीन-चार वेळा केलं, लहान मुलासारखं.

परत येताना मी त्यांना पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला जो दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. म्हटलं, आबा, तुम्हाला या गाडीत काय पाहिजे? मला वाटलं एसी म्हणतील. ते म्हणाले, "क्लच जरा हलका कर. गुडघा दुखतो."

क्लच तिसऱ्या वर्षाच्या टप्प्यात होता. आता दुसऱ्या वर्षात आणलाय. त्याच्या बदल्यात मागच्या फ्लोअरचा पत्रा पुढे ढकलला.

तर तुमच्याकडेही अशी गाडी असेल, तर शीट काढण्याआधी दोन कामं करा. ब्रेकचं पेडल स्वतः दाबून बघा. आणि ती रोज कोण चालवतं, त्याला विचारा काय दुखतं. दुसरा टप्पा दिवाळीनंतर. होळीला गाडी चाकांवर आली की नाही, ते याच पॉडकास्टवर सांगेन. नाही आली तर तेही सांगेन.