पोवळ्यांचा रंग काळा



विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर ऑगस्टस शर्मन नावाचे एक कारकून होते. बोटीनं उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत नोकरी, आणि छंद छायाचित्रणाचा. काही ना काही कारणानं बेटावर अडकून पडलेल्या माणसांची त्यांनी टिपलेली चित्रं आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. त्यांतल्या एका चित्राच्या नोंदीत बाईचं नाव नाही. ती नेदरलँड्सच्या झेलंड प्रांतातल्या झाउड-बेव्हेलंड भागातली प्रोटेस्टंट स्त्री आहे, एवढं मात्र आहे.

नाव ठाऊक नसताना धर्म कसा कळला? टोपीवरून. त्या भागातल्या प्रोटेस्टंट बायकांची जाळीदार पांढरी टोपी शिंपल्यासारखी गोलाकार पसरलेली असे, कॅथलिक बायकांची कोनदार. शेजारपाजारच्या घरांतल्या दोन बायका कोणत्या चर्चला जातात, हे लांबूनच ओळखू यायचं. टोपीखाली डोक्याभोवती धातूची पट्टी बसवलेली असे. तिला ‘ओरआयझर’ म्हणत. तिची सोन्याची टोकं कपाळाच्या दोन्ही बाजूंना दिसत, आणि त्यांवरून घरची ऐपतही कळे.

हा आकार कॅमेऱ्यानं चोख टिपला. त्याआधीच्या जुन्या चित्रांत मात्र रंगांनी दगा दिला. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकार ओल्या कोलोडियनच्या काचा वापरत. त्या काचांना निळा रंग फार लवकर दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळं कापड फिकट उमटे आणि लालभडक पोवळ्यांची माळ काळी. आता असं पाहा, झेलंडमध्ये दुखवट्यात पोवळी काढून काळे मणी घालण्याची रीत होती. म्हणजे सणासुदीच्या उत्साहात स्टुडिओत गेलेली मुलगी चित्रात दुखवट्यातली वाटू शकते! अशी चित्रं पाहताना मला फार हळहळ वाटते. जे तिला ठासून सांगायचं होतं, नेमकं तेच पुसलं गेलं.

दुसरा अन्याय काचेनं नव्हे, माणसांनी केला. 1898 मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या राज्यारोहणानिमित्त ॲम्स्टरडॅममध्ये देशभरच्या पोशाखांचं प्रदर्शन भरलं. गावोगावचे पोशाख आता राष्ट्राचं भूषण ठरले. पुढे पर्यटकांच्या पोस्टकार्डांवर फोलेंडामची टोकदार टोपी इतकी झळकली, की जगाच्या लेखी तीच ‘डच’ टोपी झाली. फोलेंडाम कॅथलिक मच्छीमारांचं गाव. पाण्यापलीकडचं मार्केन प्रोटेस्टंट, त्याचा पोशाख निराळा. त्या बायकांनी अंगावर देश मिरवला नव्हता. त्यांनी गाव, धर्म, सुखदुःख मिरवलं होतं. ‘डच पोशाख’ असं एकच नाव देऊन आपण त्यांची निम्मी ओळख हिरावून घेतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रोतेहो, तुमच्याही कपाटात कृष्णधवल छायाचित्रं असतील. घरातली जाणती माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. चित्रातल्या लुगड्याचा रंग कोणता होता, काठ कसले होते, ते कुठून आणलं होतं, हे विचारा आणि चित्राच्या मागे पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं, लिहून ठेवा.