शेवटची प्रत



ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था होय, असा सिद्धान्त डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडला. ग्रंथ वाढतात, कपाटे तेवढीच राहतात. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयासारख्या प्रत्येक ग्रंथसंग्रहापुढे हा प्रश्न उभा राहतोच.

उपाय आहेत. जुन्या क्रमिक पुस्तकांच्या जादा प्रती कमी करता येतात. रुळांवर सरकणारी कपाटे थोड्या जागेत अधिक ग्रंथ सामावतात. मात्र तो भार पेलणारी जमीन हवी.

परंतु न खपलेले कापड आणि न वाचलेला ग्रंथ यांना एकच माप लावता येत नाही. धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीतच जपल्या गेल्या. म्हणूनच १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली ती मुद्रित होऊ शकली. त्या कार्यास कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य लाभले.

यास्तव ग्रंथ बाद करण्यापूर्वी एकच विचारावे : हा अन्यत्र उपलब्ध आहे काय? नसल्यास त्याची जागा अढळ असावी. आणि २००५ व २०१९ चे महापूर पाहिलेल्या कुरुंदवाडात ती वरच्या फळीवर असावी.