फोनला झोपू न देणारा कोण?



आता गटाच्या बैठकीत पासबुकासोबत फोनही लागतो. बँकेचा मेसेज येतो, ओटीपी येतो, आणि नेमका तेव्हाच फोन बंद पडतो! रात्री ८० टक्के असलेली बॅटरी सकाळी २० वर. मग कुणी म्हणतं, "बॅटरी गेली, नवी टाका." पण कधी कधी बॅटरी चांगली असते, फोनच रात्रभर जागा असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी त्याला जागं कोण ठेवतं, ते शोधू या.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ साली लिहायला घेतलं. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कॅमेरा, वायफाय, टचस्क्रीन अशा भागांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम असतात, ते ड्रायव्हर. फोन झोपवायचा असला की कर्नल आधी ॲप थांबवतो, मग एकेका ड्रायव्हरला सांगतो, "आवरा आता." एकानेही नकार दिला तर झोपणं रद्द!

आपला गट लग्नाला भांडी भाड्याने देतो. भांडं गेलं की वहीत नोंद, परत आलं की खूण. एक जरी पातेलं बाहेर असलं तरी हिशेब बंद होत नाही. कर्नलकडेही अशीच मोजणी असते. एखादा भाग वापरायला घेतला की एक वाढवायचा, काम झालं की एक कमी करायचा. शून्य झाल्यावरच तो भाग झोपतो. लिनक्समध्ये एक नेहमीची चूक अशी, की भाग जागा करायचा प्रयत्न फसला तरी आकडा वाढलेला असतो, आणि तो कमी करायचं ड्रायव्हर लिहिणारा विसरतो. मग ते पातेलं कायमचं बाहेर!

इंजिनिअर हे कसं शोधतात? ते एकदम सगळं उसकटत नाहीत. झोपायच्या कामाचे टप्पे पाडून एकेक टप्पा तपासतात. ड्रायव्हरवर संशय आला तर निम्मे काढून ठेवतात आणि पुन्हा पाहतात. ठीक चाललं, तर दोष काढलेल्या निम्म्यात. नाही चाललं, तर उरलेल्यात. असे ३२ ड्रायव्हर असले तरी पाच फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं.

आपल्याला ड्रायव्हर उघडता येत नाहीत, पण ही रीत घरी वापरता येते. वही घ्या. पहिल्या रात्री झोपताना बॅटरीचे टक्के लिहा, सकाळी उठल्यावर पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री फोन विमान मोडवर ठेवा आणि तसंच लिहा. त्या रात्री फोन लागणार नाही, म्हणून घरात दुसरा फोन असेल तेव्हाच हे करा. घट खूप कमी झाली, तर खर्च नेटवर्क किंवा इंटरनेटचा. रेंज कमी असली की टॉवर शोधण्यात फोनची जास्त वीज जाते. घट तेवढीच राहिली, तर पुढच्या रात्री लोकेशन बंद, त्याच्या पुढच्या रात्री ब्लूटूथ बंद. एका रात्री एकच बदल, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कुठल्या ॲपने किती वीज खाल्ली तेही दिसतं. बिनकामाचं ॲप काढून टाका.

सिस्टिम अपडेट आलं असेल तर चार्जिंग लावून, वायफाय असेल तिथे करून घ्या. ड्रायव्हरच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मात्र फोनची पाठ फुगलेली दिसली, तर ही तपासणी करू नका. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी टोचू नका, थेट दुकानात न्या.

एवढं करूनही घट थांबली नाही, तर वही घेऊन दुकानात जा. "बॅटरी टिकत नाही" एवढंच सांगू नका. "विमान मोडवरही रात्रीत ४० टक्के उतरते," असं सांगा. मग दुकानदारालाही नेमकं तपासावं लागेल. येत्या बैठकीला आपापले आकडे घेऊन या, एकत्र पाहू.