टँकच्या तळाला वाळू की खडे?

आजचा भाग एकाच प्रश्नावर आहे. टँक घेतला, स्टँड आला, लाइट आला, आता तळाशी काय टाकू? वाळू की खडे? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण सोबत दुकानातल्या पाकिटांचे फोटो पाठवतात. निळे खडे, गुलाबी खडे, काळी वाळू. आणि खाली लिहितात, यातलं काय भारी दिसेल?

माझा उलटा प्रश्न असतो, मासे कोणते ठेवणार? ऑफिसात आम्ही रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहायला बसलो तर मॅनेजर ओरडतो. इथे ओरडणारं कुणी नसतं, आणि माशाला तर ओरडताच येत नाही.

गप्पी, टेट्रा, एंजल ही मंडळी वरच्या किंवा मधल्या पाण्यात फिरतात. यांच्या दृष्टीने तळाला काहीही असो, फारसा फरक पडत नाही. असेच मासे असतील तर तुम्हाला साफ करायला जे सोपं, ते घ्या. खरा प्रश्न तळाशी राहणाऱ्या माशांचा आहे.

कोरीडोरास बघा. दुकानात याला नुसतं 'कोरी' म्हणतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. याच्या तोंडाभोवती मिशा असतात आणि त्या मिशांनीच तो अन्न शोधतो. तोंड वाळूत खुपसतो, वाळू आत घेतो, अन्नाचा कण ठेवतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. एकदा हे जवळून बघा, पाच मिनिटं मोबाइल आठवणार नाही. आता त्याच्याखाली वाटाण्याएवढे खडे टाकले तर? तो मरणार नाही. पण जे काम करायला त्याचं तोंड बनलंय, ते काम त्याला करता येणार नाही. अन्न खड्यांच्या फटीत पडतं, तो वरून हुंगत बसतो. खड्यांच्या कडा टोकदार असतील तर मिशा झिजतात. मात्र मिशा गेल्या की दोष फक्त खड्यांचा, असं नाही. फटीत कुजणारं अन्न आणि त्यातले जंतू हेही मोठं कारण असतं. म्हणजे वाळू टाकून साफसफाई सोडली, तर वाळू वाचवणार नाही.

आपल्याकडचंच उदाहरण म्हणजे झेब्रा लोच. पिवळट अंगावर गडद पट्टे, बोटभर लांब, घोळक्याने राहणारा. शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा. नारायण राव यांनी १९२० साली याची शास्त्रीय नोंद केली. हा मासा पश्चिम घाटातला, कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांमधला. जगात दुसरीकडे कुठे नैसर्गिकरीत्या सापडत नाही, आणि आययूसीएनच्या यादीत तो 'धोक्यात' या वर्गात आहे. तरी दुकानात सहज मिळतो. घेण्याआधी दुकानदाराला विचारा की हा नदीतून पकडलेला आहे की फार्मवर वाढवलेला. उत्तर नीट आलं नाही तर सोडून द्या, तुम्ही तो घेतला नाहीत याचा मला आनंदच होईल. घेतलातच तर बारीक वाळू, गुळगुळीत गोटे आणि लपायला जागा, एवढं तरी द्या.

गोल्डफिशचं वेगळंच. तो सारखा तळ तोंडात घेऊन चघळतो आणि थुंकतो. मधल्या आकाराचा खडा त्याच्या तोंडात अडकू शकतो. त्याच्यासाठी एकतर बारीक वाळू, नाहीतर त्याच्या तोंडात मावणारच नाहीत एवढे मोठे गोटे.

मग खडे घ्यायचेच नाहीत का? तसं नाही. तुमच्या टँकला अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल, म्हणजे तळाशी जाळीची प्लेट आणि कोपऱ्यात हवेची नळी, तर वाद संपला, खडेच टाका. तो फिल्टर खड्यांमधून पाणी खाली ओढतो. वाळू टाकलीत तर जाळी तुंबेल. शिवाय खड्यांत सायफन थेट खुपसून घाण ओढता येते, खडे जड असल्याने नळीतून बाहेर येत नाहीत. नवशिक्याला हे सोपं जातं. फक्त सायफन दर आठवड्याला खरंच करायला हवं, कारण खड्यांतली घाण वरून दिसत नाही.

वाळूत उलटं असतं. घाण वरच बसते आणि डोळ्यांना खुपते. काही जणांना हा तोटा वाटतो, मला फायदा वाटतो. दिसलं तर आपण साफ करतो. सायफनचं तोंड वाळूच्या दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फिरवायचं, बस. फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड मात्र तळापासून उंच ठेवा, नाहीतर मोटरचा पंखा वाळू खाईल आणि खरखर सुरू होईल.

वाळूत विषारी गॅस तयार होतो म्हणे, असं बरेच जण विचारतात. थर जाड असेल आणि कधी हलवलाच नाही, तर आत ऑक्सिजन पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. तीन-चार सेंटिमीटरचा थर ठेवा आणि मधूनमधून बोटाने हलवत राहा. एवढं केलंत तर झोप उडवण्यासारखं काही नाही.

आता वाळू कुठली? इथे सांभाळा. आजकाल बांधकामावर पडलेली असते ती बरेचदा क्रश सँड. आपल्याकडे ती बेसॉल्ट फोडून बनवतात, कडा धारदार आणि धूळ भरपूर. कोरीच्या तोंडाला ती नको. समुद्रावरची वाळू आणू नका, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाणी जड करतो. नदीत उतरून बादली भरणंही नको, नद्यांचा उपसा आधीच भरपूर झालाय. पाणी शुद्ध करण्याच्या फिल्टरसाठी जी सिलिका वाळू मिळते, ती चांगली. दाणे एकसारखे, पाण्यात काही सोडत नाही. खात्री करायची असेल तर मूठभर कोरड्या वाळूवर पांढरं व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे. रंगीत खडे घेणार असाल तर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पाण्याला रंग आला असेल तर परत करा.

किती लागेल? दोन बाय एक फुटाचा टँक, म्हणजे साधारण ६० बाय ३० सेंटिमीटर. चार सेंटिमीटर थर धरला तर ७,२०० घन सेंटिमीटर, म्हणजे सात लिटरच्या थोडं वर. एक लिटर कोरडी वाळू साधारण दीड किलो भरते, म्हणून ११ किलो. धुताना बादलीत थोडी थोडी घ्या, पाणी नितळ येईपर्यंत. आठ-दहा वेळा तरी होतंच, कंटाळू नका. आणि ते गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबेल. कुंड्यांना घाला.

ज्यांच्या टँकमध्ये खडे आहेत आणि ज्यांना आता वाळू हवी आहे, त्यांच्यासाठी. सगळं एका दिवसात उपसू नका. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरसारखेच त्या खड्यांवरही राहतात. ते एकदम काढणं म्हणजे चालू सर्व्हरवर डेटाबेस बदलण्यासारखं आहे. एक-एक भाग काढा, मध्ये आठवडाभर थांबा, फिल्टरचा स्पंज त्या काळात धुऊ नका आणि अमोनियाची टेस्ट करत राहा. वाळू भरताना तळाशी ताटली ठेवून तिच्यावर हळू पाणी ओता. तरी थोडं गढूळ होईल, फिल्टर चालू ठेवलात तर एक-दोन दिवसांत बसेल.

पुढचा भाग फिल्टरवर. प्रश्न पाठवताना टँकचं माप आणि माशांची नावं दोन्ही लिहा.