सिनेमा संपल्यानंतरचा अर्धा तास



मला विषय दिलाय चित्रपट महोत्सवांचा इतिहास. तो सांगतो, पण माझा डोळा आहे पडद्यावरचा सिनेमा संपून दिवे लागल्यानंतरच्या अर्ध्या तासावर.

भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी १९५२मध्ये मुंबईतच सुरू झाला. भरवला होता फिल्म्स डिव्हिजनने. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ त्यात दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. रोममधल्या गरीब माणसाची सायकल आणि कोलकात्यातल्या शंभूची हातरिक्षा यांचं नातं असं जुळलं. १९६८मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या फिल्म सोसायट्यांनी सिनेमा पाहून त्यावर बोलायची सवय मराठी प्रेक्षकाला लावली.

पण काय दाखवायचं हे कोण ठरवणार? ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या माहितीपटावर सेन्सॉरने आक्षेप घेतला, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७०मध्ये न्यायालयाने सेन्सॉरशिप वैध ठरवली. २००४मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. निर्मात्यांच्या विरोधानंतर ती मागे घेतली, पण सत्तेला टोचणारे बरेच माहितीपट निवडीतच गळले. मग निर्मात्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरवला. गुजरात २००२वरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ तिथे दाखवला गेला. पुढे ‘विकल्प’चे खेळ जुहूला ‘पृथ्वी’मध्ये होऊ लागले. सिनेमा, मग दिग्दर्शकाशी गप्पा.

जुहू ते जोगेश्वरी म्हणजे रिक्षाचं अंतर. तरी आपल्या वस्तीतली किती माणसं तिथे जातात? आपल्यावरचे सिनेमे पाहून आपल्याविषयी चर्चा होते, आणि आपण घरी असतो. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी दृश्यमाध्यम थेट मोहल्ल्यात नेलं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘नाता’ त्यांच्यावरच आहे. तो जरूर पाहा.

आता जरा अवघड गोष्ट. ‘फायनल सोल्यूशन’ला आपल्याकडे कुणी हरकत घेणार नाही. दीपा धनराज यांचा ‘इन्व्होकिंग जस्टिस’ लावू म्हटलं, की चेहरे बदलतात. तमिळनाडूतल्या मुस्लिम स्त्रियांनी स्वतःची जमात काढून तलाकचे, मारहाणीचे खटले ऐकायला घेतले, त्याची ही फिल्म. लगेच ऐकू येतं, ‘ही वेळ नव्हे, बाहेरचे लोक फायदा घेतील.’ ही भीती खोटी नाही, तिची चेष्टा करू नये. पण हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ला सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा तरी वेळ कुठे सोयीची होती? आपल्यावरचा अन्याय पडद्यावर हवा असेल, तर आपल्या घरातलाही पाहावा लागेल. दोन्ही फिल्म एकाच वर्षाच्या यादीत हव्यात, असा माझा आग्रह आहे.

चर्चेबद्दल थोडं. ‘कुणाला प्रश्न आहेत का?’ असं विचारलं की तीन पुरुष भाषण करतात. माझ्यासारखा एखादा इंजिनिअर कॅमेरा कोणता ते विचारतो. त्याला सर्वात शेवटी बोलू द्या. पाहुण्यांनी आधी ऐकावं. पहिली दहा मिनिटं बायकांची आणि कॉलेजच्या मुलींची. हिंदी, मराठी, दखनी, जी जिभेवर येईल ती भाषा.

सुरुवात सईद मिर्झांच्या ‘नसीम’ने करावी असं मला वाटतं. १९९२चा जून ते डिसेंबर, मुंबईतलं एक घर, आजोबांच्या भूमिकेत कैफी आझमी आणि शाळकरी नात. शेजारच्या वस्तीतल्या हिंदू कुटुंबांनाही बोलवा, कारण तो डिसेंबर त्यांच्या घरातही आठवला जातो. सिनेमा दीडेक तासाचा आहे. रविवारी जोहरनंतर लावला, तर चर्चा धरूनही असरपर्यंत आटोपेल आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या आत बायका घरी पोचतील. लहान मुलांसाठी शेजारची खोली उघडी ठेवू. तिथे बसायला दोन पुरुष हवेत. नावं आत्ताच द्या.